बराकीतलं पेडल

जालिंदरनं नवं पेडल कांद्याच्या बराकीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, लपवायचं ठरवलं ते फक्त चार दिवसांसाठी. बायको, निर्मला, माहेरी खोडदला जाणार होती. ती गेली की डबी बाहेर काढायची, मनसोक्त वाजवायचं आणि मग पुढचं पुढं बघायचं, असा बेत होता. जालिंदरचे सगळे बेत 'पुढचं पुढं बघू' इथवर येऊन थांबतात आणि तिथून पुढं त्याची फजिती चालू होते. हे त्याला सोडून सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

पेडल म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. मुठीएवढी लोखंडी डबी. एका बाजूनं गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर स्पीकरला. वरचं बटण पायानं दाबलं की लाल दिवा लागतो आणि गिटारचा आवाज बदलतो. एखादी डबी आवाज घुमवते, एखादी फाडते, एखादी एकाचे चार करते. जगात अशा हजारो डब्या निघाल्या आहेत आणि जालिंदरला त्या सगळ्या हव्या आहेत. (तो म्हणतो, सगळ्या नकोत, फक्त पुढची एक हवी. गेली दहा-बारा वर्षं तो हेच म्हणतो आहे.)

तसा माणूस साधा. सकाळ-संध्याकाळ गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजतो आणि लग्नसराईत चांगदेवच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हळदीच्या मांडवात ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि नवरदेवाच्या मित्रांच्या आरोळ्या एकदम सुटल्यावर गिटार कुणाला ऐकू येणार? पण जालिंदरची खात्री, की आपलं वाजवणं लोकांपर्यंत पोचत नाही ते एका डबीवाचून. डबी आली की आठवडाभर स्वारी हवेत. मग मोबाइलवर कुणीतरी परदेशी दाढीवाला दुसरीच डबी वाजवून दाखवतो आणि याला आपली डबी एकदम मुकी वाटायला लागते. रोज तासभर बसून बोटं बसवावीत, असंही तो दाढीवाला सांगत असेल. पण तेवढा भाग जालिंदर अंगठ्यानं पुढं सरकवतो.

यंदा पाडव्याला निर्मलानं पलंगाखालची ट्रंक ओढली. आत सांडगे असतील म्हणून उघडली, तर निघाल्या डब्या. तिनं त्या ओळीनं ओट्यावर मांडल्या आणि नवऱ्याला हाक मारली. सगळ्या डब्या विकायच्या आणि नवी घ्यायची नाही, असं ठरलं. नुसतं ठरून भागलं नाही, शपथ झाली.

"आत्यांच्या गळ्याला हात लावून बोला," निर्मला म्हणाली.

"माझ्या कशाला गं?" तुकाबाई मागं सरकली. जालिंदरची आई ती. तिला लेकाची पुरती ओळख होती. "मला अजून नातवाचं लगीन बघायचंय."

पण शपथ झाली. वर निर्मलानं बजावलं, "अजून एक डबी दिसली, की ती गिटार भंगारवाल्याच्या गाडीवर. मंग माझ्या नावानं वरडायचं न्हाई." हे ती उगाच म्हणत नव्हती. तिनं एकदा त्याचा बंद पडलेला कीबोर्ड भंगारात देऊन प्लास्टिकचं टोपलं घेतलं होतं. आणि ही गिटार तर वडलांनी दोन मेंढ्या विकून घेऊन दिलेली. मेंढरांमागं उभा जन्म काढलेल्या माणसानं, लेकाला काय वाजवायचंय हे न कळताच घेऊन दिलेली. तिच्यावर जालिंदरचा खरंच जीव होता.

एवढं सगळं असून त्यानं महिन्याच्या आत डबी मागवली. कुरिअर डेअरीवर घेतलं, खोका तिथंच जाळला. डबीचा रंगही निवडून कांद्याचा घेतला. अक्कल वापरायची तर कुठं वापरावी माणसानं! एका बाजूच्या कोपऱ्यात, कांद्यात कोपरभर आत त्यानं ती खुपसली. बराक एकदा भरली की बाजार वाढेपर्यंत तिला कोण हात लावतंय?

बाजार दुसऱ्याच दिवशी वाढला.

जालिंदर तेव्हा आणे गावच्या पठारावर एका हळदीत वाजवत होता. सकाळी डोळे चोळत घरी आला तर अंगणात वस्तीवरच्या गोरखचा टेम्पो उभा. अर्धी बराक रिकामी. बायका कांदा निवडून, गोण्या भरून, तोंडं शिवून मोकळ्या झालेल्या.

"आलात? बरं झालं," निर्मला पदर खोचत म्हणाली. "काल ग्रुपवर भाव आला, लगेच माणसं लावली. तोंड धुवा आणि चला मंचरला."

जालिंदर तोंड न धुताच बराकीकडं धावला. त्याचा कोपरा झाडून-पुसून स्वच्छ होता.

"कंच्या बाजूनं काढला गं कांदा?" त्यानं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"ह्याच की. का?"

"न्हाई, सहज."

मंचरपर्यंत तो टेम्पोत मागं, गोण्यांवर बसून गेला. बसून कसला, एकेक गोणी कणकेसारखी तिंबत गेला. हायवेला मरणाची ट्रॅफिक, शेजारच्या एसटीतले लोक खिडकीतून बघतायत, आणि हा गोणीला मिठ्या मारतोय. पुढून निर्मलानं मान बाहेर काढली.

"अवो, काय चाललंय?"

"वजन बघतोय!"

"काटा हाय की तिथं!"

बाजार समितीत गोण्यांची थप्पी लागली. व्यापारी आले, मागं शेतकऱ्यांचा घोळका आला. थप्पीतली एखादी गोणी काढून जमिनीवर ओतायची, माल बघायचा आणि बोली लावायची, ही तिथली रीत. हमालानं थप्पीवर नजर फिरवली. जालिंदरनं डोळे मिटले. एवढ्या गोण्यांत नेमकी ती कशी निघेल, असं कोणालाही वाटेल. पण जालिंदरच्या बाबतीत ती निघतेच.

सुतळी तुटली, कांदा घरंगळला आणि त्याच्याबरोबर ती डबीही टणटणत बोली लावणाऱ्या शेठच्या चपलेपाशी जाऊन थांबली. आवाज कमी-जास्त करायची, फिरवायची चार गोल बटणं वर करून.

घोळका वाकून बघायला लागला. निर्मला पुढं झाली.

"काय हो हे?" शेठनं डबी उचलली.

जालिंदरनं हात पुढं केला आणि मागं घेतला. त्याला भंगारवाल्याची गाडी दिसली, तिच्यावर गिटार दिसली, आणि गिटारच्या बदल्यात घरी आलेलं टोपलंही दिसलं. तेवढ्यात मागून एक फेटेवाला म्हातारा म्हणाला, "सेन्सर आसंल. माझ्या साडूनं द्राक्षात बसवलाय. हवा बिघडली की कळतंय म्हनं त्याला."

"सेन्सरच!" जालिंदर ओरडला. "कांद्याचा! सड लागू नये म्हणून बसवलाय."

"चालू कुठं हाय पण?" फेटेवाल्यानं विचारलं.

"बाहेर काढला की बंद पडतो."

"आन ही बटणं?"

"एक उन्हाळ्याचं, एक पावसाळ्याचं, एक हिवाळ्याचं..." बटणं चार आणि ऋतू तीनच हे ध्यानात आल्यावर तो जरा अडखळला. "आन एक श्रावणाचं."

शेठनं चार कांदे उचलून दाबले. कांदा खडखडीत, वरच्या सालीची पत्ती चकचकीत, एक डाग नाही. (नसणारच. निर्मलानं मजुरांच्या डोक्यावर उभं राहून एकेक निवडून घेतला होता.) शेठनं मान डोलावली. बोली चढली, आणखी चढली, आणि त्या दिवसातला सगळ्यात वरचा भाव निर्मलाच्या कांद्याला लागला. फेटेवाल्यानं जालिंदरचा खांदा धरला. "पावणं, त्ये मशीन कुठं मिळतंय?"

परतीच्या वाटेवर निर्मला डबी मांडीवर घेऊन बसली होती. जालिंदर जीव मुठीत धरून बसला होता. अवसरी गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"काय?"

"कांद्याची एवढी काळजी करताय त्ये. मी आपली म्हणते, ह्या माणसाला गिटारीपुढं काय दिसत न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकले मी."

इथं जालिंदरनं खरं बोलायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस बोलला असता. जालिंदर म्हणाला, "चालायचंच."

घरी आल्यावर निर्मलानं डबी पुसली, हळदीकुंकू लावलं आणि उरलेल्या कांद्याच्या बरोबर मध्यात नेऊन ठेवली. वर बराकीला कुलूप घातलं. एवढी मोलाची वस्तू उघड्यावर कशी ठेवायची? खोडदहून तिचा भाऊ सुभाष फोनवर म्हणाला, "दाजी, मला पण एक मागवा. पण आमच्याकडं ती आकाशातल्या रेडिओ लहरी धरणारी मोठी दुर्बीण हाय, असल्या यंत्राचा तिथल्या लोकांना त्रास व्हत न्हाई ना?"

"मागवा की," निर्मला म्हणाली. जी बाई डबीचं नाव काढलं तर खायला उठायची, ती म्हणाली, "चांगल्यातलं मागवा."

जालिंदरनं त्याला केव्हापासून हवं असलेलं, आवाज घुमवणारं पेडल मागवलं. दोन्ही हातांनी मागवलं. ते कुरिअरनं परस्पर खोडदला गेलं आणि सुभाषच्या कांद्यात जाऊन पडलं. जालिंदरला त्याचा फोटो आला.

आता ह्याला काय म्हणावं? जन्मात पहिल्यांदा बायको स्वतःहून पेडलं घ्यायला लावतेय, आणि एकालाही वायर लावायची सोय नाही. त्याचा जीव कासावीस झाला. काही निमित्त काढून तो किल्ली मागायचा, कांद्यात हात घालून बटणं फिरवून बघायचा. निर्मलानं तेही पाहिलं.

"अवो, हात लावू नका! पावसाळ्यावर लावलेलं हाय त्ये!"

शेवटी त्याला राहवलं नाही. सुभाष घरी आलेला होता, तुकाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. सगळ्यांसमोर जालिंदर उभा राहिला आणि म्हणाला, "निर्मला, ते सेन्सर न्हाई. गिटारचं पेडल हाय. मी शपथ मोडली."

निर्मलानं त्याच्याकडं पाहिलं आणि ती हसली. प्रेमानं हसली, हेच वाईट.

"काय पण बोलता! आईच्या गळ्याची शपथ तुमी मोडाल व्हय? एवढं मी वळखत न्हाई का तुमाला?"

जालिंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा विश्वास टाकावा असं त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं. "खरंच मोडली," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "गिटार भंगारात घाल, पण ते पेडल एकदा वाजवू दे. थांब, दाखवतोच."

बराक उघडली. डबी आली. गिटार, स्पीकर, वायरी, सगळं अंगणात मांडलं. जालिंदरनं आधी डबी बंद ठेवून वाजवलं. मग पायानं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि डोळे मिटून पुन्हा तेच वाजवलं.

"कळला फरक?"

सुभाषनं स्पीकरला कान लावला.

"परत वाजवा," निर्मला म्हणाली.

त्यानं परत वाजवलं.

"दाजी," सुभाष डोकं खाजवत म्हणाला, "आधीचं कंचं आन नंतरचं कंचं?"

"अरे, हे पेडल आवाज बदलत नाही! आहे तोच आवाज ठेवतं, फक्त त्यात ऊब आणतं. त्याला कान लागतो."

"आवाज बदलत न्हाई," निर्मला सावकाश म्हणाली, "मंग गिटारवाला त्ये घेईल कशाला?"

जालिंदरनं बटण आणखी दोनदा दाबून बघितलं. मग तो चिडला. "मला कळतो फरक! मला पाठमोरं उभं करा, कोणीही बटण दाबा, मी आवाजावरून सांगतो चालू का बंद!"

त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मागं सुभाषची वायरींशी थोडी खुडबुड झाली. जालिंदरनं तारा छेडल्या. मान एका बाजूला झुकवली. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"चालू!" तो म्हणाला. "ही बघा ऊब. आता पटलं?"

"दाजी," सुभाष म्हणाला, "मशीन माझ्या हातात हाय. वायर थेट स्पीकरला लावलीय."

जालिंदर वळला. लाल दिवा विझलेला होता आणि डबी सुभाषच्या तळहातावर होती. निर्मलानं ती त्याच्याकडून घेतली आणि पदरानं पुसली.

"म्हंजी गिटारीचं न्हाईच हे. कांद्याचंच हाय," ती म्हणाली, "उगं माझ्यासमोर स्वतःला वाईट म्हणून घेताय." आणि ती किल्ली घेऊन बराकीकडं गेली.

जालिंदर गिटार गळ्यात अडकवून तसाच अंगणात उभा राहिला. तुकाबाईला लेकाचं तोंड बघवेना. तिनं लसणाची सुपली बाजूला ठेवली.

"नको वाईट वाटून घेऊ, जालू," ती म्हणाली. "कांद्याला तरी गुण आला."