एक मेंढा कमी

दिवाळीच्या सुट्टीतल्या चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, साधनाच्या खेळातली बाई इजिप्तमधल्या एका भुयारात अडकली, आणि त्याच वेळी साधनाचे सासरे मल्हारी दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले.

"ह्ये तर एडके हायेत," ते म्हणाले.

साधनाचा हात कीबोर्डवरच थांबला. तिने मागे वळून पाहिलं. मल्हारी घोंगडी पांघरून नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते, पण त्यांची काठी सरळ पडद्याकडे रोखलेली होती. पडद्यावर भुयारात जाणारी लांब वाट होती आणि वाटेच्या दोन्ही कडांना दगडी पुतळे बसलेले होते. अंग सिंहाचं, तोंड मेंढ्याचं, शिंगं कानाभोवती वळलेली.

"हो मामा, मेंढेच आहेत ते," साधना हळूच म्हणाली. मोठ्याने बोललं तर ते पुन्हा गप्प होतील असं तिला वाटलं.

"शिंगं बराबर काढलेत," मल्हारी म्हणाले. "कुन्या जानकाराचं काम हाय."

चाळीस वर्षं मल्हारींनी मेंढरं राखली होती. संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरताना ते तोंडाशी उभे राहून काठीच्या टोकाने जोडीजोडीने मोजत. आकडा भरला की काठी भिंतीला टेकवून आत हाक देत, "भाकर वाढ." आकडा भरला नाही तर त्या दिवशी भाकरी थांबे. पण गुडघे गेले, आणि भादव्यात मुलाने, म्हणजे साधनाच्या नवऱ्याने, बासष्टच्या बासष्ट मेंढरं विकून टाकली. तेव्हापासून मल्हारींना मोजायला काही उरलं नव्हतं आणि त्यांची भूकही गेली होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तांबडं औषध दिलं होतं. ते सासूबाई, चंद्रभागाबाई, रोज न चुकता पाजत होत्या आणि माणूस रोज न चुकता अर्ध्या भाकरीवरून उठत होता.

साधना गोरेगावच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायची. पुढच्या खोलीत नवऱ्याचा, शिवप्रसादचा, कॉम्प्युटर क्लास होता. सुट्टीत क्लास बंद, आणि शिवप्रसाद सामान आणायला हिंगोलीला गेलेला. औरंगाबादला एम.एस्सी. करताना साधना मैत्रिणीच्या घरी हा खेळ खेळायची. त्या दोघी याच भुयारात अडकल्या होत्या आणि परीक्षा आली म्हणून भुयार तसंच राहिलं होतं. त्याला सात वर्षं झाली. या सुट्टीत तिने ट्रंकेतून मैत्रिणीने दिलेली सीडी काढली, तिच्यासोबत प्रॅक्टिकलची जुनी वहीही काढली. वहीत भुयाराचा नकाशा होता, पट्टीने आखलेला, प्रमाण लिहिलेला. विज्ञानाच्या बाई खेळ खेळतात हे गावात कळू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढलेला होता.

भुयाराच्या शेवटी एक खोली होती. खोलीत गुडघाभर पाणी, समोर बंद दार, कोपऱ्यात एक ओबडधोबड दगड. साधनाने दगड ढकलून पाहिला, भिंती तपासून पाहिल्या, नकाशाशी ताडून पाहिलं. दार उघडेना.

"बाई एकलीच हाय का?" मल्हारींनी खुर्ची पुढे ओढली.

"हो."

"संगं भाकर-पानी?"

"तसं काही दाखवत नाहीत, मामा."

"मंग आली काहून हितं?"

साधनाने पुन्हा दगड ढकलला. असे दीड तास गेले. बारा वाजता तिने घड्याळाकडे पाहिलं.

"मामा, दोनला लाईट जाईल. स्वयंपाकाचंही बघायचंय. बंद करते आता."

"आन बाई?"

"काही होत नाही तिला. या खेळात निळा दिवा दिसला तरच तिथपर्यंतचं जपून ठेवता येतं. एक दिवा मागे बाहेरच्या दारापाशी होता, दुसरा या बंद दाराच्या पलीकडे असणार. पुन्हा चालू केलं की ती बाहेरच्या दारापासून निघते."

"कोन निघती?"

"हीच बाई."

"आन आत्ता जी पान्यात हुबी हाय, ती?"

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही साधनाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"चालू ठिव," मल्हारी काठी घेऊन उठले. "मी इच्यारून येतो."

"अवो, भाकर खाऊन जा की!" चंद्रभागाबाई आतून ओरडल्या.

"बाई निघू दे आधी."

"कोन बाई?" चंद्रभागाबाई पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. पण भादव्यापासून उंबरा न ओलांडलेला माणूस चपला घालून रस्त्याला लागला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "कुठं चालले ते?"

"माहीत नाही, आत्याबाई. पण चालले."

"चालले ना," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाकरीसाठी आणखी एक मूठ पीठ घेतलं.

मल्हारी गेले ते ग्यानबाच्या हॉटेलात. तिथे काय झालं हे साधनाला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. दोन महिन्यांनी दिसलेल्या माणसाला ग्यानबाने बसायला बाकडं दिलं आणि विचारलं, "काय मल्हारबा, कसं काय?"

"बाई अडकली," मल्हारी म्हणाले. "सकाळपासून. भुयारात. गुडघ्याला पानी हाय. सूनबाई काढून राहिली, पर निघंना. दोनला लाईट गेली की कारभार आटपला."

ही बाई कॉम्प्युटरमध्ये आहे, हे सांगायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. हरवलेल्या मेंढराची खूण सांगताना माणूस आधी रंग सांगतो, तसं त्यांनी जे महत्त्वाचं ते सांगितलं होतं. भुयार आणि पाणी म्हटल्यावर ग्यानबाला विहीर दिसली. लाईटवर जीव अवलंबून म्हटल्यावर पाणी उपसणारी मोटार दिसली. मोटार बंद पडली की पाणी चढणार, हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मल्हारींनी, "दगड सरकवनारं जानकार कोनी हाय का?" असं विचारलं, तेव्हा ग्यानबाचा पोलीस पाटलांना फोन लागलेला होता.

सव्वा वाजता साधनाच्या दारासमोर ट्रॅक्टर थांबला. मागच्या ट्रॉलीत मांडववाल्याचा लग्नातला जनरेटर होता, त्याच्यावर दोरखंडाची वेटोळी, एक बाज आणि आठ माणसं. मागून पायी आणखी पंचवीस-तीस जण येत होते. सगळ्यांच्या पुढे पोलीस पाटील उत्तमसिंग.

"म्याडम, हीर कोन्या अंगाला हाय?"

"विहीर?" साधना दारात उभी राहिली. "आमच्याकडे नळ आहे."

"तुमी घाबरू नका. मोटारीला जनरेटर लावतो, पानी चढू देत न्हाई. बाई शुद्धीवर हाय का?"

तेवढ्यात गर्दीतून शेजारच्या पारुबाई पुढे आल्या. त्यांच्या एका हातात कोरडं लुगडं होतं, दुसऱ्या हातात मीठसाखरेच्या पाण्याचा तांब्या. "कुठं हाय लेकरू? गारठलं आसंल."

साधना काही बोलायच्या आत मल्हारी गर्दीतून वाट काढत आले, घाम पुसत म्हणाले, "या, या. आत या. चपला बाहीर काढा," आणि क्लासच्या नियमाप्रमाणे उत्तमसिंगांसह दहा-बारा जण चपला काढून, दोरखंड घेऊन, अनवाणी आत शिरले. उरलेल्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारला.

मल्हारींनी काठीने कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. "ही बघा. आजून तितंच हुबी हाय."

उत्तमसिंगांनी पडद्याकडे पाहिलं, हातातल्या दोराकडे पाहिलं, मग मल्हारींकडे.

"ह्यो खेळ हाय का, मल्हारी?"

"व्हय."

"लेकरायचा खेळ? आन त्याच्यासाठी मी जेवत्या ताटावरून उठलो? येड्यात काढलं का आमाला?"

खिडकीबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मल्हारींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग ते वळले, कोपऱ्यात गेले आणि घोंगडी अंगावर ओढू लागले. साधनाला दिसलं की आता पुढचे दोन महिनेच काय, हा माणूस कधीच बोलणार नाही.

मोठ्या माणसांसमोर ती सहसा बोलत नसे. पण चुकीचं विधान खोडल्याशिवाय तिला राहवतही नसे.

"पाटील, मामांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"काय म्हंजी? बाई भुयारात अडकली म्हून."

"मग अडकली आहे ना?"

"...हाय."

"गुडघ्याला पाणी आहे म्हणाले. आहे का?"

उत्तमसिंग वाकून बघू लागले. "हाय."

"सकाळपासून मी काढतेय, निघत नाही, म्हणाले. खरं आहे. दोनला लाईट गेली की संपलं, म्हणाले. तेही खरं आहे. यातलं खोटं काय, ते सांगा. विहीर कुणी सांगितली तुम्हाला?"

सगळ्यांनी ग्यानबाकडे पाहिलं. ग्यानबा छताकडे बघू लागला.

"ते राहू द्या हो," पारुबाई लुगडं काखेत धरून पुढे सरकल्या. "हाय तर खरी ना आत? मंग काढा की तिला! एवढे गडी आलेत, बघत काय बसलेत?"

बाईमाणसाने असं म्हटल्यावर गड्यांचा इलाज चालेना. ग्यानबा म्हणाला, "तो दगड ढकला." साधनाने ढकलून दाखवला. कुणी म्हणालं, "दाराला लाथ हाना." तेही झालं. मग कोपऱ्यातून, घोंगडीच्या आतून, आवाज आला.

"एडके किती हायेत?"

"वीस, मामा," साधनाने वही उघडून सांगितलं.

"मोजले?"

"एका बाजूचे मोजले. दहा. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच असतात."

"कशावरून?"

"सममिती असते, मामा. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या."

"ते आसू दे. मोजले का?"

साधनाने वहीकडे पाहिलं. सात वर्षांपूर्वी, मेजावर दिवा ओढून, पट्टी लावून, तिने एका बाजूचे दहा पुतळे काढले होते आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच काढून टाकले होते.

"नाही," ती म्हणाली.

"मंग जोडीनं चालवून दाव."

मल्हारी काठी घेऊन पडद्याशी उभे राहिले. साधनाने बाईला पाण्यातून बाहेर काढलं, वाटेच्या सुरुवातीला नेलं आणि सावकाश चालवू लागली. काठीचं टोक उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे फिरत होतं. सातव्या जोडीला काठी थांबली. डावीकडे, एका खांबाच्या मागे, नुसताच रिकामा चौथरा होता.

"एक कमी हाय," मल्हारी म्हणाले.

खोलीतला एकही माणूस हसला नाही. मेंढरू कमी भरणं काय असतं, ते त्यातल्या अर्ध्यांना तरी ठाऊक होतं.

"कुठं गेला आसंल?" उत्तमसिंगांनी दोर खाली ठेवला.

"उनाचं चुकलेलं मेंढरू सावलीला जातं. भितीला डोकं लावून हुबं ऱ्हातं, हालत न्हाई." मल्हारींनी डोळे बारीक केले. "पोरी, तो दगड पुन्हा दाव. पान्यातला."

साधनाने बाईला परत पाण्यात आणलं. कोपऱ्यातला ओबडधोबड दगड समोर आला. मधोमध थोडा फुगीर, खाली निमुळता.

"त्यो दगड न्हाई," मल्हारी म्हणाले. "पाठ हाय. ढकलून काय व्हतंय? मागं वढ त्याला."

तेवढ्यात दोन वाजले. पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करून कोकलू लागला.

"दहा मिनिटं चालेल फक्त!" साधना ओरडली.

आणि मग गोरेगावच्या मंडळींना आपण कशासाठी आलो होतो ते आठवलं. खिडकीतून वायर आत आली, बाहेर कुणीतरी जनरेटरची दोरी ओढली, तो दोनदा खोकून सुरू झाला, आणि लग्नात नवरदेवाच्या डोक्यावरची झुंबरं पेटवणारी वीज त्या दिवशी इजिप्तच्या भुयारात पोचली.

साधनाने दगड ओढला. तो हलला. सावकाश वळला. गोल शिंगं दिसली, मग तोंड दिसलं.

"आरं बेन्या!" मल्हारी मेंढ्याला म्हणाले.

वाटेने ओढत ओढत, वाटेत दोनदा भिंतीला अडवून, मेंढा रिकाम्या चौथऱ्यावर बसवला गेला. खूप खोलवर काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला. बाई धावत परत गेली. खोलीतलं पाणी उतरलं होतं, दार उघडं होतं, आणि पलीकडे ऊन होतं. उन्हात निळा दिवा जळत होता.

पारुबाईंनी डोळ्यांना लुगडं लावलं आणि मीठसाखरेचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. उत्तमसिंगांनी मल्हारींच्या पाठीवर थाप मारली. मल्हारींनी काठी भिंतीला टेकवली.

"वीस भरले," ते म्हणाले आणि आत हाक दिली, "भाकर वाढ."

चंद्रभागाबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी वाढल्या. ताटात काही उरलं नाही. ताट त्यांनी स्वतः दोनदा तपासलं. संध्याकाळी हिंगोलीहून आलेल्या शिवप्रसादला दारात अजून उभा असलेला जनरेटर दिसला. "घरात कोनाचं लगीन हाय?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना लवकर उठली. निळ्या दिव्याच्या पुढे काय आहे, हे ती सात वर्षांनी बघणार होती. तिने कॉम्प्युटर चालू केला आणि मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आधी आतले मोजून घिऊ," मल्हारी म्हणाले.

साधनाच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. काल निळ्या दिव्यापाशी जपून ठेवलं होतं खरं, पण तिथून मागचं दार मिटलेलं; मागे जायचं म्हणजे जुन्या दिव्यापासून, बाहेरच्या दारापासून सुरुवात. आणि सुरुवातीपासून म्हणजे मेंढा पुन्हा हरवलेला. काल एवढा जीव टाकून आणलेलं मेंढरू आज जागेवर नाही, हे यांना कसं सांगायचं? तिला उपाय सुचेना. तिने बाईला वाटेला लावलं. काठी उजवीकडे, डावीकडे फिरू लागली. सातव्या जोडीला थांबली.

"मामा," साधना घाईने म्हणाली, "त्याचं असं आहे, की हा खेळ पुन्हा सुरू केला की..."

पण मल्हारी हसत होते. दात नसलेलं, मोठ्ठं हसत होते.

"पुन्हा पळाला का रं!" ते पडद्याला म्हणाले, आणि मग सुनेकडे वळून, जाणकाराने नवख्याला समजवावं तसं, "कळपात एक आसला आसतोच, पोरी. रोजचाच तरास हाय त्याचा. चल, लाईट जायला लय येळ हाय."

त्यांनी काठी नीट धरली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. साधनाने निळ्या दिव्याचा विचार सोडला आणि बाईला पाण्याकडे वळवलं.