वानखडे सरांचा बेटावरचा कोळी

वानखडे सरांकडे मुलगी पाहायला येणाऱ्यांना मुलीआधी कोळी पाहावा लागे. खराखुरा नव्हे, सरांनी खडूनं भिंतीवर काढलेला.

धरमपेठेत आमची भिंतीला भिंत. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. जन्मात समुद्र न पाहिलेल्या या माणसाचा जीव जडला होता कुठल्याशा दूरच्या बेटावर, त्यातही एकाच दरीत, बीळ खोदून राहणाऱ्या कोळ्यावर. तो जाळं विणत नाही, लांडग्यासारखा धावून शिकार धरतो आणि जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही, एवढं आमच्या दूधवाल्यालाही पाठ होतं. मी मे महिन्यात घाम पुसत कूलरमध्ये पाणी ओतत असलो की सर कुंपणावरून म्हणत, "त्या बेटावर पाण्याची बोंब आहे गा. तो कोळी कुरकुर करून राहिला का?" असा राग यायचा मला!

बायको गेल्यावर सुशी या लेकीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. तिची वेणीसुद्धा तेच घालत, जरा वाकडीच. तिचं लग्न हा एकच घोर त्यांना होता आणि नेमका हा कोळी आडवा येत होता. दोन स्थळं चहा अर्धा टाकून उठली. तिसऱ्या वेळी सुशीनं दम भरला, "बाबा, आज कोळ्याचं नाव काढलं तर मी बाहेरच नाही येत."

सर बिचारे गप्प बसले. शेवटी मुलानंच भिंतीकडे पाहून विचारलं, "हे काय आहे जी?"

सरांनी सुशीकडे पाहिलं. तिनं हसून मान हलवली. मग काय विचारता! ऐकता ऐकता पोरगा म्हणाला, "बीळ किती खोल असते?" लग्न ठरलं.

पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि सर वऱ्हाडी मंडळींना सांगत होते, "पिल्लं निघाले का मायच्या पाठीवर चढून बसतात. माय त्याईले घेऊन हिंडते. मोठे झाले का आपापले उतरतात अन् जातात. रडारड नाही." मोटार वळली तरी व्याख्यान चालूच. सुशीनं मागं वळून पाहिलं, तेव्हा सरांची पाठ होती.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. सर पायरीवर बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सर, पिल्लं उतरून गेल्यावर ती मादी काय करते?"

सरांनी डबा घेऊन बाजूला पायरीवर ठेवला.

"थे कोणी पाहूनच नाही ठेवलं गा," ते म्हणाले. "सारे पिल्लाईकडेच पाहत राहिले."