शेवटच्या नंबराचा मान

मोहनराव बीडच्या प्रशिक्षणाहून परतले ते डोक्यात एक इंग्रजी वाक्य घेऊनच. समारोपाला साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि अगदी शेवटी "लास्ट बट नॉट द लीस्ट" म्हणत प्रमुख पाहुण्यांचं नाव घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मोहनरावांनी बसल्या जागी अर्थ लावला, की इंग्रजीत सगळ्यात मोठ्या माणसाला शेवटी ठेवतात. (मोहनराव धर्मापुरीजवळच्या एका गावातल्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. अर्थ लावायचं काम त्यांचं, दूध घालायचं काम त्यांच्या बायकोचं, केशरबाईंचं.)

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला होता. प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि जनावरं छावणीत होती. अर्ध्या गावानं गाई विकल्या. केशरबाईंचा भाऊ जालिंदर आष्टीहून आला आणि चारचौघांत म्हणाला, "अक्का, इकून टाक गाई. दाजीच्या भरवशावर ऱ्हाऊ नको. त्यांच्यानं काय हुतंय?"

केशरबाईंनी गाई विकल्या नाहीत. छावणीत मुक्काम ठोकला, डोक्यावरून चारा वाहिला आणि सोसायटीत एक वेळचं दूध चुकू दिलं नाही. वर्षअखेरीस सोसायटीचा पहिला नंबर त्यांचाच आला. मोहनराव गावातून असे ताठ मानेनं फिरले, की धारा त्यांनीच काढल्या असाव्यात. (गाय त्यांना जवळ उभं करत नसे.) केशरबाईंचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता. सोसायटीनं वार्षिक कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठरवला. हा सत्कार पेपरात छापून यावा आणि तो जालिंदरनं आष्टीत बसून वाचावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"पयला नंबर पयला घ्या की," सत्काराची यादी बघून चेअरमन रामकिसन अण्णा म्हणाले.

"न्हाई अण्णा. लास्ट बट नॉट द लीस्ट. शेवटी येतो त्योच खरा मोठा."

"मग माझा सत्कार पयला कावून ठेवलाय?"

मोहनरावांना एकाएकी खोकला आला.

घरी केशरबाई म्हणाल्या, "शेवटी नगं. तवर टँकर यील."

"टँकर कवा टायमावर आलाय?" मोहनराव म्हणाले.

आपल्याकडच्या सत्काराची एक रीत आहे. यादी कितीही पक्की असो, ऐन वेळी स्टेजवर चिठ्ठी येतेच, की अमक्यांचा राहिला. अमक्यांचा झाला की तमके रुसतात. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर दोन शब्द. बीडचे तेच साहेब प्रमुख पाहुणे होते. शाली पांघरवून त्यांचे हात दुखायला आले. केशरबाई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसल्या होत्या आणि त्यांचा नंबर मागं मागं सरकत होता. शेवटची शाल मंडपवाल्याला गेली. आता बक्षिसाची स्टीलची किटली तेवढी उरली होती.

मोहनरावांनी माइक धरला. "आणि आता, लास्ट बट नॉट द..."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

आधी बायका उठल्या, मग गडी उठले. पहिल्या रांगेतून सगळ्यांच्या पुढं केशरबाई पळाल्या. मंडपात फक्त रामकिसन अण्णा उरले, तेही त्यांची शाल खुर्चीत अडकली होती म्हणून. साहेब निघाले, पण टँकर रस्त्यात आडवा उभा असल्यानं त्यांची जीपही अडकली.

मोहनराव किटली घेऊन धावले. केशरबाई टँकरचा पाइप धरून उभ्या होत्या.

"केशर, चल, सत्कार हाय."

"हंडा भरू द्या. पायप सोडला तर नंबर जाईल."

"मी धरतो," मोहनराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले. किटली केशरबाईंच्या हाती देऊन त्यांनी पाइप धरला आणि डोक्यापासून पायापर्यंत भिजले.

साहेब जीपमधून उतरले. किटली परत मागून घेतली आणि तिथंच चिखलात, सगळ्या गावासमोर, दोन्ही हातांनी केशरबाईंना दिली. "बाई, या वर्षी तुमच्यासारख्यांनीच सोसायटी जगवली," ते म्हणाले. ओल्या हातांच्या टाळ्या वाजल्या, पेपरवाल्यानं फोटो काढला. केशरबाईंनी पदर सावरला आणि मान वर केली. मोहनरावांना रडू कोसळलं, पण ते पाण्यात कोणाला दिसलं नाही.

"बघा साहेब," ते पाइपामागून म्हणाले, "लास्ट बट नॉट द लीस्ट. शेवटचा तोच सगळ्यात मोठा."

"नाही हो. शेवटी नाव घेतलं म्हणून तो कमी नाही, एवढाच त्याचा अर्थ."

"मग बीडला तुम्ही मोठ्या पाहुण्यांचं नाव शेवटी कावून घेतलं?"

"ते उशिरा आले होते."

"धरा की नीट," मागं हंडा घेऊन उभ्या असलेल्या सिंधुबाई ओरडल्या. "समदं पानी सांडाया लागलंय."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, चांगला मोठा. किटली घेतलेल्या केशरबाई आमदारीणबाईंसारख्या दिसत होत्या. खाली छापलं होतं: 'दुष्काळात विक्रमी दूध घालणाऱ्या केशरबाई यांचा सत्कार करताना साहेब. शेजारी पाइप धरलेला टँकरचा क्लीनर.'

दुपारच्या आत आष्टीहून जालिंदरचा फोन आला. अक्काचं त्यानं तोंड भरून कौतुक केलं, गाईंबद्दल बोललेलं मागं घेतलं आणि मग म्हणाला, "दाजींना दे जरा."

मोहनरावांनी छाती फुगवून फोन कानाला लावला.

"दाजी, लई बरं वाटलं," जालिंदर म्हणाला. "नोकरी परमनंट हाय का टँकर बंद झाला की जाती?"