उंची कळावी म्हणून

सगळं सुरू झालं ते लेकीच्या नव्या घरातल्या एका रिकाम्या भिंतीवरून. "बाबा, तुमचा आणि आईचा एकत्र फोटो पाठवा ना, इथे लावायचाय," असं ती फोनवर सहज म्हणाली आणि भेगासाहेब तितक्याच सहज "त्यात काय, ढिगाने आहेत!" असं बोलून बसले.

भेगासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत ते नुकसानीची पाहणी करायचे. भिंत तडकली, छत खचलं की हे कॅमेरा घेऊन हजर! भेगेचा फोटो काढताना शेजारी पेन ठेवायचं, म्हणजे भेग केवढी ते वरच्या साहेबाला खुर्चीत बसल्या बसल्या कळतं, ही त्या कामातली रीत. सगळी नोकरी भेगांत गेली म्हणून ऑफिसने हे नाव पाडलं. (निरोपाच्या भाषणात खरं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मॅनेजरने खिशातला कागद काढून बघितला होता.)

तर त्यांनी कपाटावरचे सगळे अल्बम खाली काढले. डोंगर होते, धबधबे होते, पूल होते, मनोरे होते. आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढी बायको उभी होती. भेगासाहेब स्वतः एकाही फोटोत नव्हते.

"अहो, ही मीच का?" बायकोने चष्मा पुसून विचारलं.

"म्हणजे काय! तूच. तुझ्यावरून मनोऱ्याची उंची कळते."

"आणि इथे?"

"इथे धबधब्याची."

बायकोने अल्बम मिटला आणि ती भाजी निवडायला निघून गेली. भांडली असती तर भेगासाहेबांना बरं वाटलं असतं. पण लेक सासरी गेल्यापासून त्या घरात भांडणंही कमी झाली होती. दोघं दोन खोल्यांत बसायची आणि मधल्या खोलीत टीव्ही एकटाच बडबडत असायचा.

त्या संध्याकाळी भेगासाहेबांनी ठरवलं, की यंदाच्या सहलीत दोघांचा एकत्र फोटो काढायचाच, आणि तोही असा की लेकीला भिंत अपुरी पडावी. "कुणालाही सांगू की काढायला," बायको म्हणाली. छे! परक्याच्या हातात कॅमेरा? भेगासाहेबांचा माणसांवर विश्वास होता, पण माणसांना क्षितिज सरळ धरता येतं यावर अजिबात नव्हता. ते बाजारात गेले आणि तीन पायांचा, हात न लावता कॅमेरा धरून ठेवणारा ट्रायपॉड घेऊन आले. बायकोने त्याचं नाव ठेवलं 'तिसरे'.

"तिसऱ्यांना खिडकीशी बसवा हो," प्रवासात ती म्हणाली. "माझं काय, मी बसेन कुठेही."

समुद्रातल्या एका छोट्या बेटावर दीपगृह होतं. बोटीने जायचं, बघायचं, बोटीने परत यायचं. बेटावर उतरताच भेगासाहेबांनी आपला मोबाईल बायकोच्या पर्समध्ये टाकला. (खिशात मोबाईल असला की फोटोत दोन पोटं दिसतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.) दीपगृह अख्खं यायला हवं, म्हणून तिसऱ्यांना पार लांब, खडकाशेजारी उभं केलं. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं आणि फोटो आपोआप निघायच्या आत, दहा सेकंदांत पळत बायकोजवळ पोचायचं, असा साधा बेत होता. भेगासाहेबांच्या गुडघ्यांना मात्र तो कुणी विचारला नव्हता.

पहिल्या फोटोत त्यांची पाठ आली. दुसऱ्यात एक चप्पल हवेत आली. तिसऱ्यात ते पोचले खरे, पण असे वाकून धापा टाकत होते की बायको कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्या छातीवर हात ठेवून "अहो, दुखतंय का?" विचारत होती.

"त्या तिसऱ्यांना जरा जवळ आणा की."

"जवळ आणलं तर दीपगृह कापलं जाईल!"

"जाऊ दे कापलं. फोटो आपला आहे की त्याचा?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला भेगासाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात सहलीला आलेला एक मोठा घोळका मध्ये घुसला. ट्रायपॉड बघून त्या लोकांना वाटलं, हा इथला नेमलेला फोटोवाला! लाल टोपीतल्या एक धिप्पाड आजी आपल्या नवऱ्याला दंडाला धरून पुढे आल्या आणि त्यांनी आपला मोबाईल भेगासाहेबांच्या हातात कोंबला.

"दादा, आमचा दोघांचा काढा. यांचं टक्कल चमकू देऊ नका."

मी फोटोवाला नाही, हे सांगायला भेगासाहेबांनी श्वास घेतला आणि मोबाईल तिरका धरलेला दिसल्यामुळे आधी तो सरळ केला. तिथेच ते फसले. "जरा जवळ या. अजून जवळ. आजी, मान इकडे. आजोबा, हसा की, बायकोच आहे तुमची!" घोळका खदखदून हसला आणि बघता बघता जोडप्यांची रांग लागली. उभ्या नोकरीत त्यांच्या कॅमेऱ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं. ज्याचं छप्पर पडलंय तो कशाला हसेल? आज माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि भेगासाहेबांना ते इतकं गोड लागलं की लांबच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसलेली बायको ते साफ विसरले.

"अहो, बोटीचा भोंगा झाला," ती जवळ येऊन म्हणाली.

"तू हो पुढे, मी आलोच," ते मान वर न करता म्हणाले. लग्न झाल्यापासून ते हेच म्हणत आले होते आणि ती पुढे होत आली होती.

घोळकाही धावत गेला. भेगासाहेबांनी घाम पुसला आणि आपल्या कॅमेऱ्यातून समुद्राकडे पाहिलं. वा! पांढरी बोट, निळं पाणी आणि बोटीच्या टोकाशी दोन्ही हात हलवणारी एक बाई. ती बाई असल्यामुळे बोटीचा आकार काय सुरेख कळत होता! "हलू नका हो, बाई," असं पुटपुटत, हाताने थांबायची खूण करत त्यांनी फोटो काढला, मोठा करून बघितला, आणि ती आपलीच बायको आहे हे दिसताच तिसऱ्यांना काखेत मारून ते धावत सुटले.

ते धक्क्यावर पोचले तेव्हा बोट पार लांब गेली होती. तिकीटवाला डबा उघडून जेवायच्या तयारीत होता.

"एकटेच का?" त्याने विचारलं.

"नाही हो! दोघं आहोत!" भेगासाहेब जवळजवळ ओरडले.

"मग फोन करा त्यांना. नंबर सांगा, मी लावतो."

नंबर मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल पर्समध्ये. तिकीटवाल्याने सुस्कारा सोडला. "बरं, पलीकडच्या माणसाला निरोप देतो. बाईंचा फोटो दाखवा."

भेगासाहेबांनी कॅमेऱ्यातले फोटो भराभरा मागे सरकवले. ठिपका. ठिपका. खांबाशेजारी ठिपका. तिसऱ्या फोटोत ती जरा बरी आली होती, पण तिचं तोंड त्यांच्याकडे वळलेलं होतं.

"यात चेहरा कुठाय?" तिकीटवाला म्हणाला. "असू द्या. तोंडीच सांगा, दिसायला कशा आहेत?"

"उंची पाच फूट एक इंच," भेगासाहेबांनी ताबडतोब सांगितलं.

"आणि?"

एका भेगेवर चार पानं लिहिणाऱ्या या माणसाने कॅमेरा बंद केला. मग हळूहळू म्हणाला, "हसू आलं की आधी खालचा ओठ दाबून धरते. मग हसते. आणि रागावली की बोलत नाही, घडी घातलेला रुमाल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालते."

तिकीटवाल्याने डबा मिटला. "काका, हे मी फोनवर कसं सांगू?" तो म्हणाला, पण हळू आवाजात म्हणाला.

पुढची बोट येईपर्यंत बेटावर वारा होता आणि भेगासाहेब होते. वेळ घालवायला त्यांनी दीपगृहाचा फोटो काढला. सरळ, स्वच्छ, कुठे काही कापलं गेलेलं नाही. बघितला तर ते दीपगृह बाटलीएवढंही असू शकलं असतं. बाजूला कुणी नव्हतं. ही आपली अशी किती तास, किती गावं, लांब एकटी उभी राहिली असेल, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना रडू फुटलं. तिसरे शेजारी उभे होते, पण तिसऱ्यांचा काही उपयोग नव्हता.

पलीकडे बोट लागली तेव्हा बायको धक्क्याच्या पायऱ्यांवर उभी होती. तिच्याभोवती अख्खा घोळका होता, कारण तोवर तिने सगळी हकिगत सांगून टाकली होती. भेगासाहेब ट्रायपॉड काखेत मारून खालच्या पायरीवर आले. ती वरून कडाडली.

"एकदा तरी वळून बघायचं होतंत! मी ओरडतेय, हात हलवतेय, आणि तुम्ही? तुम्ही मलाच थांब म्हणून खूण करताय! जीव टांगणीला लागला माझा!"

"अगं, मला तुझा चेहरा..." भेगासाहेबांनी ट्रायपॉड छातीशी धरला. "तो तिकीटवाला विचारत होता, आणि माझ्याकडे तुझा एकही..."

तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि खालचा ओठ दाबला. त्याच क्षणी लाल टोपीवाल्या आजींनी, कुणालाही न विचारता, आपल्या मोबाईलवर फोटो काढला.

क्षितिज इतकं तिरकं की समुद्र सांडेल असं वाटावं. कोपऱ्यात आजींचं बोट. दीपगृहाचा पत्ताच नाही. पण लेकीने तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. मधोमध, भिंतभर, बायको. ओठ दाबलेला, डोळे भरलेले, हसू आता फुटणार असं. आणि खाली एका कडेला, दोन पायऱ्यांनी बुटके, ट्रायपॉड कवटाळून वर बघणारे भेगासाहेब.

घर बघायला आलेली लेकीची शेजारीण त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"काकू, काय सुंदर आलाय हो तुमचा फोटो! आणि हे खाली कोपऱ्यात कोण?"

भेगासाहेब सोफ्यावरून उठून ओळख द्यायला पुढे झाले. पण बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि ती त्यांच्या आधी बोलली.

"ते होय? ते माझी उंची कळावी म्हणून ठेवलेत."