उपरण्याखालचा आकडा

आमचे भैरूआप्पा आकडा तोंडानं बोलत नाहीत. वय विचारा, नातवंडं किती विचारा, गाडी किती वाजता आहे विचारा. ते आधी इकडंतिकडं बघतात, खांद्यावरचं उपरणं काढतात, समोरच्याच्या हातावर टाकतात आणि त्याखाली त्याची बोटं धरतात. एकदा नावं लिहून घ्यायला आलेल्या गुरुजींनी विचारलं, "घरात माणसं किती?" आप्पांनी त्यांचा हात उपरण्याखाली घेतला. गुरुजी नवीन होते. त्यांना वाटलं, हे गुपचूप काहीतरी देतायत. "नको नको, आम्हाला चालत नाही," म्हणत ते चहा न घेताच उठले.

आप्पांचा जन्म बैलबाजारात गेला. घेणारा आणि विकणारा यांच्यात सौदा जुळवून देणारे ते दलाल. आमच्याकडं हा सौदा कापडाखाली होतो. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते ज्याचं त्याला कळतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना माहीत. "आकडा उघडा पडला की सौदा मेला," हे आप्पांचं आवडतं वाक्य. दुसरं असंच एक, "दलालानं जनावराला जीव लावायचा न्हाय. लावला की हात थरथरतो, अन् समोरच्याला कळतंय."

प्रयागकाकू, म्हणजे आप्पांच्या मालकीण, यावर एकच बोलायच्या. "बाजारातल्या समद्या गड्यांचं हात धरून झालं. मला एवढ्या जन्मात एक आकडा कळू दिला न्हाय."

"तुला काय करायचाय आकडा?" आप्पा म्हणायचे.

आप्पा माझे चुलत चुलते, आणि मधली भिंत एक म्हणून शेजारीही. मी आमच्या अख्ख्या भावकीतली पहिली पदवीधर. बी.एस्सी., तीही रसायनशास्त्रात. कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. इथंच येरमाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. आप्पांनी माझं नाव कधीच सोडून दिलंय. ते मला 'बीयस्सी' म्हणतात.

गेल्या वर्षी आप्पांना तहान सुटली. तांब्यावर तांब्या रिचवायचे आणि लगेच वळचणीला पळायचे. अंगावरची बंडी झोळीसारखी लोंबायला लागली. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, "दात बघून बैलाचं वय सांगतो म्या. माझं मला कळत न्हाय व्हय?" शेवटी काकूंनीच पिशवी भरली आणि आम्ही तिघं कळंबला गेलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि बाहेरच्या बाकड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, शुगर तीनशे वीस आहे."

आप्पांना तीनशे विसाचं काही वाटलं नाही. चारचौघांत बोलल्याचं वाटलं. "हळू, डाक्टर," म्हणत त्यांनी उपरणं पुढं केलं. "हितं सांगा."

डॉक्टरांना वाटलं, नाडी बघायला सांगतायत. त्यांनी मनगट धरलं. "नाडी चांगली आहे," म्हणाले. मग समजावून सांगितलं: गोळ्या वेळेवर, रोज चालणं, गोड बंद, घरी यंत्रावर तपासणी, आणि तीन महिन्यांनी परत यायचं. उतरली नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "डाक्टर हुशार हाय, पर हात कच्चा हाय." पण इंजेक्शन त्यांच्या मनात बसलं होतं. मारक्या बैलाच्या नाकात हात घालणारा हा माणूस सुईला भितो. एस.टी.त बसल्यावर हळूच विचारलं, "पोटात देत्यात का गं?"

पुण्याच्या मुलानं यंत्र पाठवलं. तपासणी माझ्याकडं आली. मी आधी त्यांना साबणानं हात धुवायला लावायची, कोरडे करायला लावायची, मग पट्टी घालून बोटाच्या कडेला टोचायची. बोट फक्त डाव्या हाताचं मिळायचं. "उजवा बाजाराचा हाय, त्येला भोकं पाडायची न्हायती." थेंब पट्टीला लागला की आप्पा यंत्र उचलून उपरण्याखाली घ्यायचे, एकटेच बघायचे आणि मग उपरण्याखालून मला सांगायचे. दोन बोटं, एक बोट, मूठ. दोनशे दहा. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत एवढं अवघड प्रॅक्टिकल मला आलं नव्हतं.

आतून काकू विचारायच्या, "किती आली?"

"आली, आली," आप्पा म्हणायचे.

यंत्राशी त्यांनी सौदाच मांडला होता. "दोनशे दहा? लई ताणून धरलंय गड्यानं. चल, उठू आपण. गिऱ्हाईक उठून चालाया लागलं की भाव उतरतोय." आणि ते खरंच उठायचे, मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंत चालून यायचे. ताटातला भात गेला, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी आली. चहातली साखर गेली. तो चहा पिताना ते अशी तोंडं करायचे की बघणाऱ्याला कणव यावी. काकूंना स्वतःला काही नव्हतं, तरी त्याही बिनसाखरेचाच प्यायला लागल्या. "एका चुलीवर दोन चहा कोण करीत बसतंय," एवढंच म्हणाल्या. आणि भाव उतरत गेला. एकशे ऐंशी, एकशे पन्नास. आप्पा गावातून ताठ चालायला लागले.

मग दिवाळीची सुट्टी संपून माझी शाळा सुरू झाली. आप्पा म्हणाले, "म्या करतो की. त्यात काय हाय." सकाळी उपाशीपोटी रानात चक्कर मारून यायचे आणि ओट्यावर बसून आपलं आपण टोचायचे. संध्याकाळी मला आकडा मिळायचा.

एका संध्याकाळी त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि मग बराच वेळ बाकीची मोजत राहिले. तीनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याहून वर.

आकडा काकूंना कुणी सांगितला नाही. त्यांनी माझं तोंड वाचलं. "चोरून काय खायलाव तुमी?"

"काय न्हाय."

"पेढं खायलाव. फाट्यावरच्या हाटेलात बसायलाव."

"येडाईची आन, जिभेवर गोडाचा कण ठिवला न्हाय."

"मंग यंत्र लबाड व्हय? आन म्या येडी, फुकट बिनसाखरेचं पाणी पितीया."

त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. काकू ताट सरकवायच्या आणि आत जायच्या. आप्पा तोंडानं आकडा बोलत नसले तरी खोटं कधी बोलले नव्हते, आणि आता त्यांच्याच घरात त्यांचा शब्द चालेना. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आकडे असेच असतील तर लगेच घेऊन या, इन्सुलिनचा विचार करावा लागेल.

न्यायच्या आधी मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. रविवारी सकाळी मी ओट्यावर जाऊन बसले. आप्पा रानातून आले, बसले आणि थेट यंत्र उघडलं.

"आप्पा, हात?"

"हात काय धुवायचं? जेवाया बसायलो का?"

मी त्यांचं डावं बोट धरलं. बोट चिकट होतं, गुळाचा वास येत होता. टोचलं, यंत्रानं तीनशे ब्याण्णव दाखवलं. मी त्यांना रांजणापाशी नेलं, साबण लावून दोन्ही हात धुवून घेतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. एकशे अठ्ठावीस.

"आप्पा, साखर रक्तात नाही. बोटाला आहे." काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "बोटाला गूळ कुठून लागला?"

आप्पांनी लिंबाच्या झाडाकडं बघितलं. मग सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझा हात धरायला गेले.

"हे बोटांनी सांगता येणार नाही, आप्पा," मी म्हणाले.

ते उठले आणि चालायला लागले. आम्ही दोघी मागं. विहिरीच्या पलीकडं, कडब्याच्या गंजीआड, चिंचेखाली हौशा बांधलेला होता. आप्पांच्या औताचा म्हातारा बैल. गुडघे सुजलेले, दात गेलेले. दिवाळीआधी त्याला बाजारात नेऊन "सौदा झाला" म्हणत आप्पा एकटे घरी आले होते. कितीला गेला, हे कुणी विचारलंच नव्हतं. आप्पा आकडा सांगत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत.

आम्हाला बघून हौशानं मान वर केली. आप्पांचा उजवा हात आपोआप त्याच्या कपाळावर गेला, आणि डावा त्याच्या तोंडापुढं उघडला. हात रिकामा होता. हौशा तरी चाटत राहिला.

"गिऱ्हाईक आलं हुतं," आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "हात दिला. माझाच थरथराया लागला."

काकू पुढं झाल्या. बैलाच्या पाठीवरची गोचीड काढली, चिरडली, दावं जरा सैल केलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून गूळ म्या देती. तुमी आधी बोट टोचायचं, मग रानात यायचं." आणि थोडं थांबून, "सांगितलं आसतं तर काय म्या बाजार मांडला आसता?"

ठरल्या वेळी आम्ही परत कळंबला गेलो. डॉक्टरांनी तीन महिन्यांची शुगर बघितली. या खेपेला ते पुढं वाकले आणि आप्पांच्या कानात आकडा सांगितला. इंजेक्शनची गरज नाही, गोळ्या चालू ठेवा, चालणं सोडू नका, हे मात्र मोठ्यानं सांगितलं. आप्पा बाहेर येताना म्हणाले, "सुधारलाय डाक्टर."

काकू बाकड्यावर बसून होत्या. आत यायचा त्यांना धीर झाला नव्हता. "किती आली?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येणार नाही हे धरून पिशवी उचलली.

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

काकूंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि उपरण्याखाली घातला.

"असलं मला काय कळतंय?" त्या म्हणाल्या.

"कळंल. बस गाडीत," आप्पा म्हणाले.

एस.टी.त मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. उपरणं दोघांच्या मांडीवर पसरलेलं होतं. एक आकडा सांगायला किती वेळ लागतो, ते मला चांगलं माहीत आहे. कंडक्टर येऊन तिकिटं देऊन गेला, उसाच्या गाड्या मागं पडल्या, येडाईच्या डोंगरावरचं देऊळ दिसायला लागलं.

येरमाळा आलं तरी त्या दोघांचा सौदा संपला नव्हता.