चिमाजीची नाडी

चिमाजीला अंतर्गळाच्या ऑपरेशनमधून बाहेर आणून खाटेवर निजवलं, तेव्हा अकरा वाजले होते. शालनबाई नर्सने त्याचा रक्तदाब घेतला, एक तक्ता पायथ्याशी अडकवला आणि विचारलं, "पेशंटजवळ कोण बसणार?"

व्हरांड्यात आकुर्डीहून आलेली चौदा माणसं होती. चिमाजीची बायको मंजुळाबाई पुढे सरकली, पण चिमाजीने आत जाण्याआधीच बजावून ठेवलं होतं, "दाजी बसतील. दुसरं कुणी न्हाई."

दाजी म्हणजे दौलतराव, चिमाजीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही बहीण, रुक्मिणी, दोन वर्षांपूर्वी वारली. पुण्यात तिचं ऑपरेशन झालं होतं. दौलतराव उशाशी बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा खाटेभोवती डॉक्टर उभे होते. पुढे त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही, पण तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. चिमाजीने नेमकं आपल्यालाच का बसवलं, हे त्यांना कळेना आणि विचारायचा धीर होईना. आज डोळा मिटायचा नाही, एवढं मात्र त्यांनी ठरवलं होतं.

"हे बघा," शालनबाई म्हणाल्या, "मी एकटी आहे आणि पलीकडे दोघी बाळंतपणाला आल्यात. रक्तदाब मी येऊन घेईन. तुम्ही दर पाव तासाला नाडी मोजायची आणि इथं लिहायची. आत कुठं रक्त झिरपत असलं तर नाडी वाढायला लागते. शंभराच्या वर गेली की मला हाक मारा. मनगटावर अशी बोटं ठेवायची, या माझ्या घड्याळाचा बारीक काटा एक फेरी मारेल तोवर मोजायचं. जमेल?"

"न जमायला काय? ओतशाळेत दिसाला दोनशे नग मोजून देतो मी."

शालनबाई गेल्या. दौलतरावांनी बोटं ठेवली. काहीच लागेना. वीस वर्षं गरम ओतकाम हाताळून बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. नग गुळगुळीत झाला की नाही, हे ते नेहमी अंगठा फिरवून बघत. त्यांनी अंगठा लावला. लागली! अगदी टकटक लागली. चौऱ्याऐंशी. त्यांनी तक्त्यावर आकडा मांडला आणि त्यांना जरा बरं वाटलं.

साडेअकरा, सत्त्याऐंशी. पावणेबारा, शहाऐंशी. चिमाजी भुलीत घोरत होता. बारा वाजून गेले तेव्हा तो ओठ हलवायला लागला.

"आक्का," तो पुटपुटला, "आक्का, अर्धीच वाढ भाकर."

सव्वाबारा, एकशे सहा.

"शालनबाई!"

शालनबाई हात पुशीत आल्या. त्यांनी रक्तदाब घेतला, तो व्यवस्थित होता. नाडी मोजली, ऐंशी.

"ऐंशीच आहे की."

"आत्ता एकशे सहा व्हती. देवाशपथ."

त्यांनी पापणी ओढून बघितली, पट्टीवर रक्त आहे का ते बघितलं. काही नव्हतं. "पुन्हा मोजा," म्हणून त्या गेल्या. दौलतरावांनी पुन्हा मोजली. एकशे आठ.

"बाई!"

या खेपेस शालनबाईंच्या हाती अठ्ठ्याहत्तर लागली. त्यांनी कपाळाला आठी घातली. "इतकी वरखाली होतेय, हे काही ठीक नाही. खाटेचा पायथा उंच करू या. डोक्याकडे रक्त नीट जाईल. मागं विटा पडल्यात, चार आणा."

दौलतरावांनी मागच्या अंगणातून चार विटा आणल्या, एकट्याने खाटेचा पायथा उचलून धरला आणि शालनबाईंनी दोन्ही पायांखाली दोन दोन विटा सारल्या. चिमाजीचं डोकं खाली आणि पाय वर गेले. दौलतरावांनी धापा टाकत अंगठा लावला. एकशे चोवीस.

चिमाजी पुरता जागा झाला. "दाजी, म्या घसरतोय का?"

"न्हाई. गप पड."

"मग माजं पाय आढ्याला का लागल्यात?"

"तुझी नाडी पळतीया."

"मला तर काय पळाल्यागत वाटत न्हाई. तहान लागलीया. वाईच पानी द्या."

"पाणी न्हाई." दौलतरावांनी आपल्या धोतराच्या सोग्याने त्याचा घाम पुसला. घाम येणारच. शालनबाईंनी अंग गार पडू नये म्हणून त्याच्यावर दोन घोंगड्या घालायला सांगितल्या होत्या आणि बाहेर चैत्राचं ऊन होतं. "घाम फुटलाय, बाई!" त्यांनी ओरडून सांगितलं.

हे ओरडणं व्हरांड्यात ऐकू गेलं. मंजुळाबाई दारात आली. विटांवर चढवलेली नवऱ्याची खाट बघून तिने जो गळा काढला, त्याने बाळंतपणाला आलेल्या दोघींच्या कळा थांबल्या. एकशे तीस.

आता मात्र शालनबाई हलल्या. डॉक्टर निगडीला एका घरी तपासायला गेले होते. दत्तोबा कंपाउंडरला त्यांनी सायकलवर पिटाळलं आणि व्हरांड्यात येऊन सांगितलं, "रक्त लागलं तर पुण्याहून आणावं लागेल. त्याच्या बदल्यात रक्त द्यायला चौघं तयार राहा."

व्हरांड्यातली माणसं आपापल्या चपला शोधायला लागली. मग चिमाजीचा चुलतभाऊ मालोजी उठला.

"माजी म्हस व्यायला झालीया," तो म्हणाला. "मी नसलो तर ती बिथरती."

"मला तर डॉक्टरनं सांगितलंय, अंगात रगत कमी हाय," दुसरा म्हणाला.

"कवा सांगितलं?"

"सांगंल की. बघितलं तर सांगंल."

डॉक्टर येईपर्यंत व्हरांड्यात मंजुळाबाई आणि एक कुत्रं, एवढीच उरली.

डॉक्टर घामाघूम होऊन आले. त्यांनी चिमाजीचं पोट चाचपलं, रक्तदाब घेतला, नाडी बघितली आणि मग तक्ता हातात घेऊन एकेक आकडा वाचला.

"माझं रक्त घ्या, साहेब," दौलतराव म्हणाले. "बाकीचे गेले. सगळं घ्या पाहिजे तर. पण ह्याला काय व्हता कामा नये. ही दुसरी बारी हाय माझी."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे लाल, ओठ कोरडे. त्यांनी दौलतरावांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं. "एकशे बावीस," ते म्हणाले. त्यांनी तक्त्यावरचा शेवटचा आकडा बघितला, तोही एकशे बावीस. "तुम्ही नाडी कशी मोजता, दाखवा बरं."

दौलतरावांनी चिमाजीच्या मनगटावर अंगठा दाबला.

"शालनबाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "पेशंटच्या अंगावरच्या घोंगड्या काढा. विटाही काढा. अहो, अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. दोन तास हे आपलीच मोजताहेत."

पहिला चिमाजी हसला आणि टाका ओढला गेल्यामुळे लगेच कण्हला. "म्हंजी म्या उगाच उलटा टांगलो व्हतो व्हय?"

दौलतराव खाली बघत राहिले. ओतशाळेत वीस वर्षांत त्यांचा एक नग परत आला नव्हता.

"ही सव्वाबाराला एकदम एकशे सहा कशी झाली?" डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं. "तेव्हा काय झालं होतं?"

"काय न्हाई," दौलतराव म्हणाले.

डॉक्टरांनी तक्ता खाली ठेवला. "या शेजारच्या खाटेवर आडवे व्हा. तुमचा रक्तदाब बघायचाय."

"मी बसतो, साहेब. आडवा झालो तर डोळा लागंल."

"लागू द्या."

"न्हाई, साहेब. तेवढं सांगू नका."

"दाजी," चिमाजी म्हणाला, "पडा तिथं. न्हाईतर मी उठून बसतो." आणि त्याने खरंच कोपर टेकवलं. दौलतराव घाईघाईने आडवे झाले. शालनबाई रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होत्या, तेवढ्यात दौलतरावांना झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ते दचकून उठायला गेले. "झोपलो? किती वेळ झोपलो? चिमाजी!"

"हाय की हितंच."

दोन खाटांच्या मधून चिमाजीचा हात लांब झाला होता आणि त्याची तीन बोटं दौलतरावांच्या मनगटावर होती. पोटावर घड्याळ आणि तक्ता. तक्त्यावर एक रेघ मारून तिच्याखाली त्याने वाकडेतिकडे आकडे मांडले होते. अठ्ठ्याण्णव. नव्वद. ब्याऐंशी. शहात्तर. चौऱ्याहत्तर.

"तुझं ऑपरेशन झालंय आणि तू हे करत बसलास?"

"पडून काय करू? शालनबाईंनी शिकिवलं." चिमाजी आढ्याकडे बघत होता. "दोन वर्सं बघतोय तुमच्याकडं. आक्का गेली ती झोपेपायी न्हाई, दाजी. तिथल्या डॉक्टरनं मला तवाच सांगितलं व्हतं. तुमी इचाराल म्हून वाट बघत व्हतो. तुमी काय इचारलंच न्हाई. म्हून आज माजा जीव तुमच्या हाती देऊन तुमास्नीच बसिवलं."

दौलतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नगा," चिमाजी म्हणाला. "वाढाय लागली बगा. गप पडा, पाव तास भराय अजून पाच मिन्टं हायेत."