मधल्या मापाचा शर्ट

मधलीला चोपन्न टक्के पडले, याचं तिच्या आईला काही नवल वाटलं नाही. पोर जन्मली तीच मधल्या मापाची. उंची मधली, आवाज मधला, वर्गातला बाकही मधला. आई कपडे शिवायची, आणि कुणी ‘साधारण मापाचं शिवून ठेवा’ म्हटलं की टेपसुद्धा न काढता मुलीला हाक मारायची. घरात ना तिच्याहून मोठं कुणी ना धाकटं, तरी तिचं नाव मधलीच पडलं.

नवल वाटलं ते चढावरच्या नामांकित शाळेने अर्ज न उघडता परत दिला याचं. खिडकीतल्या कारकुनाने गुणपत्रिकेवर नुसतं बोट ठेवलं. ऐंशीच्या खाली घेत नाही म्हणाला, आणि चोपन्न उलटे वाचले तरी पंचेचाळीसच होतात, अशी पुस्तीही जोडली.

मधलीला ती शाळा हवीच होती. अर्ज द्यायला गेली तेव्हा खिडकीतून तिने प्रयोगशाळा पाहिली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक सूक्ष्मदर्शक, आणि त्याखाली कांद्याचा पापुद्रा. तिच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर शिक्षकांचं एकमत नव्हतं. तेव्हापासून घरात कांदा सोललेला दिसला तरी ती उसासा टाकायची.

पंधरा दिवसांनी त्याच शाळेने आईला बोलावणं धाडलं. गणवेश शिवणारा जुना शिंपी काम सोडणार होता. नवा माणूस नेमायचा, तर एक शर्ट नमुन्यादाखल शिवून आणा, आणि मुलाच्या अंगावर घालूनच आणा. चालता-बसताना कसा दिसतो ते मुख्याध्यापिकाबाईंना बघायचं होतं. मूल कुठलं, हा प्रश्नच नव्हता.

“आज तू पुतळा आहेस,” वाटेत आईने बजावलं. “पुतळा बोलत नाही, अर्जाचा विषय काढत नाही आणि नाकही ओढत नाही. वर्षभराचं काम आहे हे.”

आई ऑफिसात गेली आणि पुतळा बाहेरच्या बाकावर बसला. तेवढ्यात घंटा झाली. गणिताचे सर घाईघाईने कोपऱ्यावरून वळले, आणि त्यांना दिसलं काय, तर आपल्या शाळेचा गणवेश घालून एक पोरगी तास बुडवून आरामात बसलीये. त्यांनी तिला उठवलं आणि पुढे घालून थेट वर्गात नेलं. मधलीने तोंड उघडलं, पण पुतळ्याचं आठवून मिटलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न, आई शोधत येईलच, असं मनाशी म्हणत ती शेवटच्या रिकाम्या बाकावर टेकली.

सरांनी फळा भरून गणित सोडवलं आणि विचारलं, समजलं का? सदतीस माना हलल्या. एक प्रश्न टाकला, तर सगळ्यांनी हात वर केले. म्हणजे केले असं म्हणायचं. कोपर बरगडीला चिकटलेलं आणि बोटं कानाशी. अख्खा वर्ग एकदम कान खाजवतोय असं वाटावं. शिवणाऱ्या बाईची लेक ती, तिच्या लगेच लक्षात आलं. जुन्या शिंप्याने कापड वाचवायला बाहीचा घेर असा काही आवळला होता की हात जरा वर गेला की काखेत चर्र व्हायचं.

तास संपेना आणि आई येईना. शेवटी आपण इथल्या नाही हे सांगूनच टाकावं म्हणून मधलीने हात वर केला. आईने शिवलेला शर्ट तो. हात सरळ छताकडे गेला.

सर थबकले. इतका उभा हात त्यांनी या वर्गात कधी पाहिलाच नव्हता. “विचार बेटा, विचार,” ते म्हणाले.

सदतीस चेहरे वळले. आता खरं सांगावं तर आईचं काम जातं. घाबरून तिच्या तोंडून दोन वर्षं मनात अडकलेलं तेच निघालं. “सर, उणे गुणिले उणे अधिक का होतं?”

पुढच्या बाकावरची हुशार मुलगी म्हणाली, तसा नियमच आहे. पण सरांनी खडू ठेवला. “एक माणूस मागे मागे चालतोय. त्याचा व्हिडिओ काढला आणि तो उलटा लावला. माणूस कुठे जाईल?”

“पुढे,” मधली म्हणाली, आणि तिला एवढा आनंद झाला की ती पुतळाबितळा सगळं विसरली. मग तिने आणखी तीन शंका काढल्या. दर शंकेला ती हात वर करायची, आणि दर उत्तराला आसपासचे नव्वद-पंचाण्णववाले हळूच आपापल्या वह्यांत खाडाखोड करायचे.

नेमक्या अशा वेळी, आईला ऑफिसात ताटकळत ठेवून, मुख्याध्यापिकाबाई ट्रस्टी आजोबांना शाळा दाखवत दारात आल्या. मुलं इथली हुशार, पण हात वर करायचा आळस, ही आजोबांची दरवर्षीची तक्रार. तो एक उभा हात बघून ते खूशच झाले आणि काठी टेकत शेवटच्या बाकापर्यंत गेले. बाकीचे का गं गप्प, असं त्यांनी तिला कौतुकाने विचारलं.

“त्यांना उत्तर येतं, पण उसवतं,” मधली म्हणाली. “मला येत नाही, पण माझं उसवत नाही.”

आजोबांना काही कळेना. त्यांनी सगळ्यांना हात पूर्ण वर करायला फर्मावलं. सदतीस मुलांनी डोळे मिटून हात वर केले, आणि त्या नामांकित वर्गात जी चर्रचर्र झाली ती शेजारच्या वर्गातही ऐकू गेली म्हणतात.

त्याच क्षणी, गळ्यात टेप अडकवलेली आई धापा टाकत दारात उभी राहिली.

“हा शर्ट तुमचा?” बाईंनी विचारलं.

“हो. आणि आतली पोरगीपण माझीच,” आई कसनुसं हसत म्हणाली.

मग अर्ज निघाला, चोपन्न निघाले, सगळंच निघालं. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. आजोबा आपले उसवलेल्या काखा मोजण्यात गुंग. बोलले ते सर. नऊ वर्षं शिकवतोय, म्हणाले, आज पहिल्यांदा कुणीतरी ‘मला समजलं नाही’ म्हणालं, तेव्हा कुठे बाकीच्यांनाही समजलं. ही मुलगी मला वर्गात हवी. बाईंनी बराच वेळ त्या शर्टाची शिवण निरखली आणि एका सत्रापुरतं बघू म्हणाल्या.

सहामाहीत मधलीला अठ्ठावन्न पडले. अडतीस जणांत नंबर शेवटून तिसरा, पण कांद्याचा पापुद्रा तिने एकदाचा पाहिला होता. बाईंनी दुसऱ्या सत्रासाठी तिचं नाव पटावर कायम केलं.

त्याच आठवड्यात आईने शिवलेले नवे गणवेश सगळ्यांच्या अंगावर आले. संध्याकाळी मधली फुरंगटून मशीनजवळ येऊन बसली.

“सगळ्यांचंच कशाला एवढं ऐसपैस शिवलंस? आता सदतीस हात वर जातात. मी मधल्या उंचीची, सरांना दिसतसुद्धा नाही.”

आईने दाताने दोरा तोडला.

“मग बाकावर चढ,” ती म्हणाली. “शिवण माझी आहे. उसवायची नाही.”